कोल्ह्याचं कातडं आणि कडू मीठ

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६, सकाळचे साडेसात. हजर: मी, आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातले एक शिपाई, अंडीवाल्या मावशी, त्यांचे धाकटे दीर, एक मेलेला कोल्हा. गैरहजर: मावशींचे यजमान. कोल्हा त्यांनीच पकडला होता, पण ते स्वतः आठ दिवसांपूर्वी वारले होते.

डायरीत एवढंच आहे. काम सुरू करण्याआधी कोण कोण हजर आहे ते लिहून ठेवायची मला सवय आहे. ‘मी त्या वेळी नव्हतोच’ असं नंतर म्हणणारे फार असतात. बाकीचं आठवणीतून लिहिते आहे. तीन वर्षं झाली, पण कामाचा क्रम मी सहसा विसरत नाही.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. बेडूक, झुरळं, बरण्यांतले मासे आणि कपाटातले पेंढा भरलेले पक्षी हे माझं खातं. पक्ष्याचं किंवा खारीचं कातडं सोलून टिकवणं मी नोकरीतच शिकले. मावशी दर शनिवारी आमच्या स्टाफरूममध्ये गावठी अंडी घेऊन यायच्या. भांडुपच्या बाजूला, रेल्वेच्या पूर्वेला खाडीकडे जुनं ख्रिस्ती गावठाण आहे, तिथल्या त्या. एकदा त्यांनी कपाटातल्या घुबडाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "याचा वास कसा नाय येत?" मी त्यांना मीठ आणि तुरटी यांचं काम समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लोणचंच की."

त्या मंगळवारी सकाळी सातला त्या माझ्या दारात उभ्या होत्या. काळी साडी, पायात चिखल. "बाय, चल. लोणचं घालायचं हाय."

झालं होतं ते असं. नाताळपासून एक कोल्हा तिवरांतून येऊन त्यांच्या कोंबड्या नेत होता. अकरा कोंबड्या गेल्या होत्या. जाता येता तो मागच्या वाफ्यातल्या काकड्याही चावून टाकायचा. मावशींच्या म्हाताऱ्याने कुंपणातलं त्याचं भोक शोधलं आणि सायकलच्या ब्रेकच्या तारेचा फास तिथे लावला. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत. पुरणं, प्रार्थना, येणारे-जाणारे यांत फासाची आठवण कुणाला राहिली नाही. आठव्या दिवशी मावशी काकड्यांना पाणी घालायला गेल्या, तेव्हा कोल्हा फासात होता. पहाटेच गेला असावा, कारण अंग अजून पुरतं ताठलं नव्हतं.

वाटेत मी शिपायांच्या चाळीवरून गेले आणि त्यांना बरोबर घेतलं. ते माझ्याच वयाचे, कोकणातल्या शिरोड्याकडचे. सुरी त्यांच्या हातात माझ्यापेक्षा चांगली चालते.

अंगणात दीर उभे होते. "वैनी, खाडीत टाक म्हणतो मी. मेलेलं जनावर घरात कशाला? लोक काय बोलतील?"

"लोक तुझ्यासारखेच बोलतील," मावशी म्हणाल्या.

"बरं, मग आधी डोकं बघा. कोल्ह्याच्या डोक्यात शिंगी असते. ती मिळाली तर सगळ्या घराचं भलं होतं."

शिपायांनी कोल्ह्याच्या टाळूवरून अंगठा फिरवला. "हाडूक आसा नुसता. तुमच्या नशिबात शिंगी नाय."

"नीट बघ रे."

"नीटच बघितलंय. हवी तर तुमची टाळू बघू?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला पडवीत नेलं आणि एक खुर्ची दाखवली. लाकडी, हातांची, बसून बसून मधे गुळगुळीत झालेली. म्हातारा संध्याकाळी तिथे बसायचा.

"तो गेल्यापासून जो येतो तो हिच्यात बसतो," त्या म्हणाल्या. "बसतो नि म्हणतो, फार चांगला माणूस होता. परवा हा पण बसला." हा म्हणजे दीर. "उठ कसं म्हणायचं? रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसणारच. मला हिच्यावर कोल्हा पाहिजे. पाच मार्चला चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा हाय, तीस-चाळीस माणसं घरी येतील. त्याच्या आत."

"बावीस दिवस आहेत. होईल."

"आणि इथेच करायचं. घराबाहेर न्यायचं नाय. तो बाहेर गेला तो परत आला नाय."

मी दोन्ही अटी डायरीत लिहिल्या: पाच मार्च, अंगणाबाहेर नाही. विभागप्रमुखांना दुपारी सांगितलं, तर ते म्हणाले, कॉलेजात आणणार नसाल तर मला काही विचारू नका. ते बरंच झालं.

सोलायला दीड तास लागला. खुर्चीवर पसरायचं म्हणून हनुवटीपासून पोटाच्या मधोमध सरळ चीर घेतली, मग चारही पायांच्या आतल्या बाजूने. शिपाई सोलत होते, मी ओढून धरत होते. पोटाकडे कातडं कागदासारखं पातळ असतं, तिथे सुरी बाजूला ठेवून मुठीने ढकलावं लागतं. शेपटीचं हाड दोन काठ्यांच्या चिमट्यात धरून एका झटक्यात ओढायचं, ते शिपायांनी पहिल्याच झटक्यात ओढलं. दीर तेवढं बघून आत निघून गेले. धड मावशींनी स्वतः नारळाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरलं. म्हणाल्या, अकरा कोंबड्या खाल्ल्यात, नारळाला तरी लागू देत.

मग खरवडणं. उलटा पाट, त्यावर कातडं, आतली बाजू वर. चरबीचा आणि मांसाचा कण राहिला तर तिथे कुजतं. माझ्याकडचे कॉलेजचे चाकू लहान पडले. मावशींनी नारळाची करवंटी फोडून दिली आणि तिची धार माझ्या कुठल्याही चाकूपेक्षा कामाची निघाली, कारण ती खरवडते पण कापत नाही. आम्ही तिघांनी आळीपाळीने अकरा वाजेपर्यंत खरवडलं. थंड पाण्याने रक्त धुतलं, साबणाने केस धुतले, सावलीत निथळत ठेवलं.

तोवर मी शिपायांना सामानाची यादी लिहून दिली होती. तो कागद माझ्याकडे आहे: मीठ, जाडं, दहा किलो, तुरटी दोन किलो, कपड्याचा सोडा एक पुडी, लाकडाचा भुसा एक गोणी, सागाचा नको, डाग पडतो, प्लॅस्टिकची मोठी बादली, पत्र्याची नको, बारीक खिळे, वाळूकागद दोन. प्रत्येक वस्तूपुढे चौकोन आहे आणि प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण आहे. शिपायांनी सगळं आणलं. मीठ दुकानातून आणण्याऐवजी समोरच्या मिठागरातून आणलं. स्वच्छ, पांढरं, टपोरं मीठ होतं. मी त्यांचं कौतुक केलं.

मीठ चोळून, आतली बाजू आतल्या बाजूला लावून, गुंडाळी करून उतरत्या फळीवर ठेवली. मिठाने पाणी ओढायचं आणि ते पाणी फळीवरून वाहून जायचं, असं असतं. दुसऱ्या दिवशी जुनं मीठ झटकून नवं लावायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत कातडं दाबलं तर ताठ लागायला हवं.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेज सुटल्यावर चार वाजता गेले. कातडं ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. मीठ विरघळत होतं, पण सुकत नव्हतं; उलट हवेतलं पाणी ओढून घेतल्यासारखं चिकट झालं होतं. शेपटीच्या बुडाशी वास होता. मी चिमटीत केस धरले आणि ते न ओढताच हातात आले.

केस सुटायला लागले की कातडं गेलं. एका जागी सुरू झालं की ते पसरतं. मी मावशींना काही सांगितलं नाही. शिपायांना बोलावून घेतलं.

त्यांनी मिठाचा खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि थुंकले. "कडू आसा. कडूच असतला. ह्याच वर्साचा मीठ ह्या."

"म्हणजे?"

"बाईनू, नवीन मीठ कडू असता. एक पावसाळा राशीत काढल्यावर कडवटपणा वाहान जाता, मग ता सुकता. नव्या मिठाक पाणी सुटत ऱ्हवता. आमच्या शिरोड्याक माशे खारवूक नवा मीठ कोण घेणत नाय."

"तुम्हांला हे माहीत होतं?"

"माका म्हायत होता."

"मग आणलंत कशाला?"

"यादीत ‘जुना’ खंय लिवलास?"

मी कागद काढून बघितला. मीठ, जाडं, दहा किलो. चौकोन, खूण.

"सांगायचं नाही का?"

"गेल्या साली ब्लॉटिंग पेपर नाय गावलो म्हणान मी फिल्टर पेपर हाडलंय. तेव्हा तुमी सगळ्या पोरांसमोर काय म्हटलास? म्हटलास, यादीत आसा तितक्याच आणा, डोक्यां चालवू नका. मगे मी डोक्यां बंद केलंय. आता वरसभर बंद आसा."

हे खरं होतं. मी तसं म्हटलं होतं, त्याच शब्दांत. मी विचारलं, जुनं मीठ आता कुठे मिळेल? ते म्हणाले, मिठागराच्या पलीकडच्या टोकाला गवताने शाकारलेली गेल्या वर्षीची रास आहे. "यादी देतास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको. तुम्ही बघा आणि आणा." ते माझ्या सायकलवरून गेले. पाऊण तासाने आले तेव्हा मीठ मळकट, राखी, बारीक झालेलं होतं. मी दुकानात ते हातात घेतलं नसतं.

तेवढ्या वेळात मी कातडं विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतलं. मावशी पायरीवर बसून बघत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "बिघडलं ना?"

"शेपटीकडे बिघडलंय. माझ्या चुकीने."

"बाकीचं?"

"आज समजणार नाही. परवा समजेल."

"परवा सांग," त्या म्हणाल्या आणि कोंबड्या खुराड्यात घालायला उठल्या.

शेपूट कापावी लागली. सडलेला भाग अंगापासून तोडला नसता तर पाठही गेली असती. चार बोटं बूड फेकून दिलं. वरची शेपूट, झुपकेदार, टोकाला काळी, चांगली होती. पण तिला आतून चिरून, औषध लावून, बारीक काम करावं लागणार होतं. भिंग आणि औषधं प्रयोगशाळेत. मी मावशींना तसं सांगितलं, म्हणजे परवानगी मागितली.

त्यांनी शेपटीच्या झुपक्यावरून हात फिरवला. "ने. पण आण."

"आणेन. शिवून देईन, जोड दिसणार नाही."

"दिसला तरी चालेल. आण फक्त."

परवा कातडं ताठ लागलं. केस धरले तर धरून राहिले. मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं," आणि चहा टाकला.

पुढचं काम सुरळीत झालं, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. तुरटी आणि मीठ कोमट पाण्यात विरघळवून, सोडा चिमटी चिमटी घालून, फेस बसल्यावर कातडं बादलीत बुडवलं. सहा दिवस. दिवसातून दोनदा लाकडी डावाने खालीवर करायचं. सकाळचं मी मावशींवर सोपवलं, संध्याकाळचं मी करत असे. नंतर कळलं की त्या सकाळ-दुपार-संध्याकाळ करत होत्या. कडेचा तुकडा कापून बघितला, आतपर्यंत पांढरा झाला होता. मग धुणं, निथळणं, आतून साबणात फेटलेलं अंड्याचं पिवळं चोळणं. शिपायांचं मत खोबरेल तेलाचं होतं. मी म्हटलं, मुंग्या लागतील आणि खवट वास येईल. त्यांनी मान्य केलं, पण डोकं चालवायची परवानगी आहे ना, एवढं विचारून घेतलं. अंडी मावशींनी दिली. "ह्याला अंडी खायची सवय होतीच," त्या म्हणाल्या.

जुन्या दारावर खिळ्यांनी ताणून सावलीत वाळवलं. अर्धवट वाळल्यावर काढलं आणि विहिरीच्या कठड्याच्या कडेवरून पुढे-मागे घासलं, खूप वेळ, दोन संध्याकाळी. इथे कंटाळा केला तर कातडं पापडासारखं कडक राहतं. माझ्या उजव्या खांद्याने आठवडाभर तक्रार केली. शेवटी आतून वाळूकागद, बाहेरून भुसा चोळून झटकणं, आणि फणी. पिवळसर करडा रंग होता, पाठीवर काळी झाक. ३ मार्चला आम्ही ते खुर्चीवर पसरलं. पुढचे पाय हातांवर, डोकं पाठीवरून मागे. शेपटीच्या जागी भोक होतं, ते मी आतून फडकं लावून शिवून घेतलं.

शेपूट तयार नव्हती. कॉलेजच्या तोंडी परीक्षा त्याच आठवड्यात आल्या.

पाच मार्चला मिस्सा झाल्यावर मी आणि शिपाई घरी गेलो. अंगणात आणि पडवीत पस्तीसएक माणसं होती. बाकं कमी पडली, काही जण पायऱ्यांवर बसले, एक म्हातारे गृहस्थ तर सगळा वेळ खांबाला टेकून उभे राहिले. खुर्चीत कुणी बसलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. लोक यायचे, खुर्चीकडे वळायचे, कोल्हा बघायचे आणि हात मागे घ्यायचे. मग विचारायचे. मग कुणीतरी फासाची गोष्ट सांगायचं, ब्रेकच्या तारेसकट, आणि त्यात म्हातारा येऊन जायचा.

दीर हातात पेला घेऊन मोठ्याने म्हणाले, "वैनी, शेपूट कुठाय? हा कोल्हा हाय का ससा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तुझ्या भावाला पण शेपूट नव्हतं. तीस वर्षं चालवून घेतलं ना मी?"

लोक हसले. दीरही हसले. मावशी त्या महिन्यात पहिल्यांदा हसताना मला दिसल्या, आणि हसता हसताच आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

निघताना दारापाशी त्यांनी माझा हात धरला. "काम झालं, बाय. कोण बसलं नाय." मग म्हणाल्या, "शेपूट आणशील ना?"

शेपूट एप्रिलअखेर पूर्ण झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ती घेऊन गेले, सुई-दोऱ्यासकट. पण पहिल्या मिठातला कडवटपणा कातड्यातून पुरता गेला नव्हता. दमट हवेत कडा पुन्हा ओलसर, मऊ झाल्या होत्या. टाका घातला असता तर कातडं फाटलं असतं. मी म्हटलं, दिवाळीनंतर, कोरड्या हवेत शिवू. शेपूट इथे ठेवली तर बुरशी येईल म्हणून परत घेऊन आले. मावशींनी ती हातात घेऊन बघितली, फुंकर मारून केस उघडून बघितले, आणि मला परत दिली.

नोव्हेंबरात मी पुन्हा गेले. रविवार होता, यादी करून निघाले होते. चामड्याची सुई, मेण लावलेला दोरा, अंगुस्तान, कात्री, मावशींसाठी करंज्या. पोचल्यावर पिशवी उघडली तर सगळं होतं, शेपूट नव्हती. यादीत लिहिलीच नव्हती. ती विसरण्यासारखी गोष्ट नाही, असं मला वाटलं असणार.

मावशींनी पिशवीत डोकावून बघितलं. "दोऱ्याला काय करू, बाय?" त्यांनी विचारलं आणि करंजी खाल्ली.

त्यानंतर घर बदललं, सासूबाईंचं आजारपण झालं, विभागाचं नवं संग्रहालय आलं. मावशी आता स्टाफरूममध्ये येत नाहीत, गुडघे धरलेत. अंडी शेजारीण आणते. गेल्या शनिवारी तिने बारा अंडी मोजून दिली आणि म्हणाली, म्हातारीने निरोप दिलाय: बाहेर गेलेलं अजून बाहेरच हाय काय?

शेपूट माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहे, डांबराच्या दोन गोळ्यांसह. काल बघितली, केस पक्के आहेत. हवा कोरडी आहे. शिपायांना विचारलं, येता का रविवारी? ते म्हणाले, "येतंय. यादी करतास?" मी म्हटलं, करते, आणि त्यांच्यासमोरच लिहिली. पहिल्या ओळीत ‘शेपूट’ लिहिलं आणि पुढे चौकोन काढला. त्यात खूण अजून करायची आहे.